श्रूजबरीतलं वेगळं ताट

अमेरिकेहून परत आल्यावर आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीत दोनदा आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा मला प्रवासाबद्दल बोलावं लागलं. ऐकणाऱ्यांना जे हवं असतं ते मी सांगितलं. रस्ते किती रुंद, हॉर्न कसा ऐकूच येत नाही, ऑक्टोबरात झाडं कशी पेटल्यासारखी दिसतात. सगळं खरंच होतं. पण मधला भाग मी गाळत होतो, आणि तो गाळला की उरलेल्याला फारसा अर्थ राहत नाही हे माझं मलाच कळत होतं. आता लिहितो. लिहिण्याआधी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नको."

बोस्टन ते श्रूजबरी

माझी धाकटी बहीण शैला मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात बरीच वर्षं राहते. मागच्या वर्षी आईला तिनं आपल्याकडे नेलं. मी गेलो तो आईला भेटायला. तिनं फोनवर एकच वस्तू मागितली होती, दह्यासाठी मातीचं मडकं. "इथं काचेच्या भांड्यात दही लागतं, पण त्याला दह्याची चव नसते," असं तिचं म्हणणं. नगरच्या कुंभाराकडून मडकं घेतलं, दोन स्वेटरांत गुंडाळलं, आणि बोस्टनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं ते उलगडलं तेव्हा त्याचे पाच तुकडे झाले होते. "आय ॲम सो सॉरी, सर," तो म्हणाला, जणू त्याच्याच हातून फुटलं. आपल्याकडचा माणूस म्हणाला असता, "नीट बांधायचं ना साहेब."

आईनं तुकडे हातात घेऊन पाहिले. "चांगलं भाजलेलं होतं," म्हणाली, आणि शैलाच्या कुंडीच्या तळाशी, पाणी निथळायला, ते घालून टाकले. आईचं सगळं असं असतं. चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिक्षिका होती, आणि रविवारी शब्बाथ शाळेत मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची. वाया काही जाऊ द्यायचं नाही, वाईटही बोलायचं नाही.

त्या संध्याकाळी शैलानं माझ्यासाठी शेंगोळी केली होती. हुलग्याचं पीठ तिनं कुठून पैदा केलं देव जाणे. तिचा नवरा अविनाश ऑफिसच्या कामासाठी बेलव्ह्यूला गेलेला, त्यामुळे आम्ही चौघंच: मी, आई, शैला आणि शैलाची मुलगी लिया. लिया तिथंच जन्मली, वाढली. मराठी तिला कळतं सगळं, बोलताना ती इंग्रजीत जाते आणि आजीसमोर परत मराठीत येते.

जेवण झालं. शैलानं, लियानं आणि मी आपापली ताटं डिशवॉशरमध्ये लावली. आईनं मात्र तिचं ताट, वाटी आणि पेला उचलला, सिंककडे गेली, तिन्ही हातानं घासली, आणि खिडकीत एका दुमडलेल्या फडक्यावर पालथी घातली. बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब. ते स्टीलचं ताट ती नगरहून स्वतःच्या बॅगेतून घेऊन आली होती.

"बघ दादा," शैला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून असंच. सांगून सांगून थकले."

"माझं माझं बरंय," आई म्हणाली.

"इट्स फ्रॉम द व्हिलेज, मामा," लिया मला समजावत असल्यासारखी म्हणाली. "आजी लहान होती तेव्हा. तिच्या फॅमिलीला वेगळा कप द्यायचे ना, टी शॉपमध्ये? कास्टमुळे. ते बॉडीमध्ये राहतं."

शैला माझ्याकडे वळली. "तुला आठवतं ना दादा, आजोबा सांगायचे. हॉटेलाबाहेर कोनाड्यात ठेवलेल्या कपबश्या. आपल्या लोकांनी आपणच विसळून परत ठेवायच्या."

मला आठवत होतं. आजोबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. आणि आईच्या ताटाशी त्याचा काही संबंध नव्हता, हेही मला माहीत होतं.

"असेल," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती ओटा पुसत राहिली.

या प्रवासात मी जे काही केलं, त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते "असेल".

तळ्याकाठी

श्रूजबरीच्या कडेला एक लांबट तळं आहे, क्विन्सिगमंड नावाचं. सकाळी कॉलेजची मुलं तिथं लांबलचक होड्या वल्हवत असतात. आई आणि मी रोज काठाकाठानं थोडं चालायचो. आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. इथं पानंच फुलं होऊन बसतात आणि मग गळतात. आई एखादं लाल पान उचलायची, न्याहाळायची, परत जिथं होतं तिथं ठेवायची. इतकं पाणी पाहून नगरचा माणूस जे म्हणतो तेच ती रोज म्हणायची, "एवढं आपल्याकडं असतं तर."

एके दिवशी परतलो तर शेजारच्या कॅरलबाई दारात. वय आईएवढंच असेल. शैलानं त्यांना डब्यातून पुलाव दिला होता, तो डबा परत करायला आल्या होत्या. धुऊन, पुसून, चकचकीत. आभार मानून गेल्या. आईनं झाकण उघडून आत पाहिलं.

"रिकामाच दिला?"

"इथं तसंच असतं आई," शैला हसली. "धुऊन दिला हेच खूप."

"चिमूटभर साखर नाही घातली?"

मग आईनं लियाला सोफ्यावर बोलावून घेतलं आणि तिची जुनी गोष्ट काढली. एक विधवा, दारात सावकार, मुलं गुलाम म्हणून न्यायला आलेला. घरात तेलाची एक कुपी सोडून काही नाही. अलीशा संदेष्टा तिला सांगतो, शेजारपाजारच्यांकडून रिकामी भांडी माग, थोडकी नको. ती मागून आणते, दार लावते, आणि कुपीतून ओतत राहते. भांडी भरत जातात. शेवटचं भांडं भरतं आणि तेल थांबतं.

"आय नो धिस वन," लिया म्हणाली. "माझ्या टॉकमध्ये आहे."

"पण पुढचं तुला माहीत नाही. तेल विकलं, देणं फेडलं. मग ती मागून आणलेली भांडी परत करायला गेली असेल की नाही?"

"तसं लिहिलेलं नाही, आजी."

"लिहायला कशाला पाहिजे? कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. प्रत्येकीच्या भांड्यात तिनं तळाला थोडं तेल ठेवलं असणार. आळीत सगळ्यांच्या घरी त्या दिवशी दिवा लागला असेल."

लियानं तिच्याकडे बघितलं आणि फोनवर काहीतरी टाइप करून घेतलं. "मी हे चोरणार आहे," ती म्हणाली. तिथल्या मराठी मंडळीच्या हॉलमध्ये शनिवारी तिचं भाषण ठरलं होतं, बायबलच्या काळातली भांडी या विषयावर. नंतर सगळ्यांनी आणलेलं जेवण.

लियाचं तळघर

लिया एका जुन्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, त्यांच्या छोट्या संग्रहालयात नोकरी करते. बोस्टनच्या बाजूला, गाडीनं तासाभराच्या आत. शुक्रवारी ती आम्हांला तिचं काम दाखवायला घेऊन गेली. तिथले मिशनरी एकेकाळी पॅलेस्टाइनला जायचे आणि पेट्या भरभरून खापऱ्या आणायचे. आमच्या नगरला आलेले मिशनरीही याच मुलखातले. आई फाटकातून आत शिरताना म्हणाली, "आमच्या मडमबाई अशाच विटांच्या घराचा फोटो दाखवायच्या."

तळघरात थंड होतं, मातीचा वास होता. लियानं पांढऱ्या कापडावर एकेक भांडं मांडलं. चिमटीसारखं तोंड असलेला तळहाताएवढा दिवा. आईनं लगेच ओळखला, आपल्या पणतीचा चुलतभाऊ. बुडाला निमुळता होत गेलेला रांजण, जमिनीत रोवून ठेवायचा. काजळी धरलेली शिजवायची हंडी, तिच्या काठावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. अत्तराची बोटभर कुपी. आईचे डोळे लकाकत होते. बायबलातल्या गिदोनाच्या माणसांनी लढाईत मडक्यांत मशाली लपवून ती एकदम फोडली, ही गोष्ट शिकवताना तिनं एकदा वर्गात खरोखरच मडकं फोडलं होतं आणि हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं होतं. "पोरं जन्मात विसरली नाहीत," ती लियाला सांगत होती. "उजेड आत असतो, भांडं फुटल्याशिवाय दिसत नाही, हे फळ्यावर लिहून कसं कळणार?"

शेवटी लियानं एक दगडी पेला पुढे ठेवला. करडा, जाडजूड, बाहेरून सुरीनं तासल्याच्या खुणा.

"हा बघ मामा, माझा फेव्हरिट. त्यांच्या लॉमध्ये भांडी विटाळायची. काही मेलेलं पडलं, कुणी आजारी माणसानं टच केलं. मग मातीचं भांडं असेल तर फोडायचं, कारण माती सगळं पिऊन घेते. तांबं असेल तर घासून परत वापरायचं. पण दगडाला काही होत नाही असं मानायचे. येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नात पाण्याचे रांजण दगडाचे होते ना, ते म्हणूनच."

आई पेल्याकडे बघत होती. "आणि माणूस विटाळला तर? त्याला तर फोडता येत नाही."

"तो आंघोळ करतो, कपडे धुतो. आणि संध्याकाळपर्यंत थांबतो."

"संध्याकाळपर्यंतच?"

"बरेचदा तेवढंच. सूर्य मावळला की क्लीन."

"बरंय की," आई म्हणाली. "सोपं होतं."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मी भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसलो. लियानं विचारलं, "मामा, जेट लॅग?" मी मान हलवली.

परत येताना गाडीत लिया म्हणाली, "आजी, मी तुझ्या ताटाचा फोटो दाखवू टॉकमध्ये? खाली तो रेड डॉट आहे ना. दे मार्क्ड इट. कुणी केलं ते? गावात कोण होतं?"

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "झालं गेलं ते. खूण आहे आपली, भांडं ओळखायला."

"पण दाखवू ना?"

आईनं मांडीवरची काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दाखव."

मी पुढे बसलो होतो. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. तिनं डोळे मिटून घेतले होते.

शनिवार, स्वयंपाकघर

आता ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आईला फुप्फुसाचा क्षय झाला. माझ्या लहानपणी माझे धाकटे चुलते त्याच रोगानं गेले होते. तो खोकला, ती थुंकीची वाटी माझ्या डोक्यात तशीच राहिली होती. घरात माझा मुलगा दहावीला. मी घाबरलो. मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लाल नेलपॉलिशनं मी आईच्या ताटाला, वाटीला आणि पेल्याला बुडाला ठिपके लावले. तिची भांडी वेगळ्या जागी ठेवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार भांड्यांतून पसरत नाही, आणि औषध लागू पडलं आहे, आता लागणीचीही भीती नाही. मी म्हटलं, कोर्स संपेपर्यंत राहू दे. कोर्स संपला. मंदा म्हणाली, "आता पुरे झालं, मला लाज वाटते." मी म्हणालो, "राहू दे, काय बिघडतं?" पुढे आईनंच आपली भांडी आपण घासायला सुरुवात केली आणि मला वाटलं, चला, तिलाही हे पटलंय. शैला न्यायला आली त्या दिवसापर्यंत तसंच चाललं. ज्या आजोबांनी कोनाड्यातली कपबशी विसळली, त्यांच्या घरात, त्यांच्या नातवानं, स्वतःच्या आईला वेगळा पेला दिला. त्या जुन्या नियमशास्त्रातसुद्धा विटाळाला संध्याकाळ होती. माझ्या घरात ती झालीच नाही.

शनिवारी सकाळी शैला मोठ्या पातेल्यात मटार पुलाव करत होती. लिया टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. पडद्यावर आईचं ताट, पालथं, आणि मध्ये तो ठिपका, टोमॅटोएवढा.

"मामा, खालचं मराठी चेक कर ना. 'आजीच्या गावात तिला वेगळं ठेवलं गेलं.' बरोबर आहे?"

"गाव चुकलंय," मी म्हणालो.

"कुठलं मग?"

"गाव नाही. नगर. आमचं घर. तो ठिपका मी लावलाय."

लियाला वाटलं मी काहीतरी वेगळंच म्हणतोय. शैलाला लगेच कळलं. तिनं गॅस बंद केला. मग मी सगळं सांगितलं, वर सांगितलं तसंच, बहुतेक याहून कमी शब्दांत. बोलताना मी शैलाकडे बघू शकलो नाही, पातेल्याकडे बघून बोललो.

"वहिनी काही म्हणाली नाही?" शैलाचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणाली. मी ऐकलं नाही."

"आणि मी इथं लोकांना सांगत सुटलेय, आईच्या लहानपणी असं झालं, तसं झालं. दादा, तू त्या दिवशी समोर बसून 'असेल' म्हणालास."

"हो."

"आजोबांच्या मागे लपलास तू."

मी उगाच पातेल्यावर झाकण ठेवलं.

लिया माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एखादी चूक चिठ्ठी लावलेली वस्तू हातात आल्यावर ती बघत असेल तसं. "मामा, तुला काढून टाकायचंय का हे स्लाइड?"

"नको. दाखव. फक्त खरं सांग. हवं तर मी उभा राहून सांगतो."

"काही गरज नाही."

आई दारात काठी टेकवून उभी होती. केव्हा आली कुणाला कळलं नाही. ती रागावली होती, आणि आईला रागावलेलं मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कशाला बोललास? मी इतके दिवस झाकून ठेवलं होतं ना?"

"आई, तुला माहीत होतं? की गरज नव्हती?"

"डॉक्टर माझ्यासमोरच बोलले की. क्षय मला झालेला, कान शाबूत होते माझे."

"मग बोलली का नाहीस?"

ती खुर्चीवर बसली. जरा वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "तू भ्याला होतास, लेकरा. तुझ्या काकाच्या वेळीपण असाच भ्याला होतास, आठवडाभर माझ्या पदराला धरून हिंडत होतास. भ्यालेल्या पोराला काय बोलायचं? म्हटलं, भीती गेली की आपोआप एक दिवस माझं ताट मांडणीत ठेवेल." मग थांबून म्हणाली, "वाट पाहिली मी. नाही म्हणत नाही."

शैला सिंककडे तोंड करून रडत होती. मी आईच्या पायांशी खाली बसलो. माफ कर, एवढंच म्हणता आलं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तिनं माझ्या शर्टची कॉलर सरळ केली.

"फोटो काढ तो," ती लियाला म्हणाली. "घरातलं आहे, घरात राहू दे. मी विधवेची गोष्ट सांगते, लोकांना जास्त आवडेल."

आणि तसंच झालं. हॉलमध्ये पन्नासेक लोक होते, पुण्याचे, नागपूरचे, वसईचे, शिकायला आलेली पोरं कोपऱ्यात. लियानं दिवे, रांजण, दगडी पेला दाखवला आणि मग आजीला माइक दिला. आईनं ती विधवा भांडी परत करायला कुठकुठल्या घरी गेली, कुठल्या शेजारणीनं "माझं झाकण कुठंय?" असं विचारलं, तेही सांगितलं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एक मावशी म्हणाली, "काकू, हे बायबलात नाही हं." आई म्हणाली, "बायबल पुरुषांनी लिहिलं, भांड्यांचं त्यांना काय माहीत?"

जेवण कागदी ताटांत होतं. घरी आल्यावर मी मोठ्या आशेनं बघत होतो. आई दूध प्यायली, उठली, पेला घासला आणि खिडकीत, त्याच फडक्यावर, पालथा घातला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हाताला सवय लागली आता. त्याचं मनावर घेऊ नको." शैला फोनवर सांगते, अजून तसंच आहे.

रविवार

दुसऱ्या दिवशी उपासनेत प्रभुभोजन होतं, सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. तिथल्या मंडळीत अजून एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायची रीत आहे. ज्यांना नको ते भाकर रसात बुडवून घेतात. लोक बाकांवरून उठून रांगेत लागले. आई उठली आणि बाजूला थांबली. "व्हा पुढं," "व्हा पुढं," करत तिनं एकेकाला जाऊ दिलं. शैला गेली, लिया गेली. शैला जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "नेहमी शेवटी जाते. म्हणते, पाय दुखतात, घाई नको." मला पाय दुखण्याचं कारण आता कळत होतं. तिच्यानंतर त्या पेल्याला कुणाचे ओठ लागायला नको होते.

मी रांगेतून बाहेर आलो आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"पुढं हो," ती म्हणाली.

"नको. मी तुझ्या मागंच येतो."

तिनं मान वळवून मला नीट पाहिलं. आम्ही हळूहळू सरकत गेलो. पाळकांनी तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला, मग पेला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, एक घोट प्याली, परत दिला. पाळकांनी काठ पुसण्यासाठी फडकं उचललं. मी हात पुढे केला आणि हळूच म्हणालो, "असू द्या." ते क्षणभर थांबले, आणि पेला तसाच माझ्या हातात दिला.

आईनं आता बाकाकडे जायचं होतं. ती गेली नाही. वाट अडवून, काठीवर दोन्ही हात ठेवून, मी पितो की नाही ते बघत उभी राहिली. मी प्यालो. मग ती वळली आणि चालू लागली.